गाभ्यातले पाणी

१९५९ सालच्या जानेवारीत न्यूयॉर्क येथे भरलेल्या नौकाप्रदर्शनात क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी, मूळच्या स्वीडिश अशा कार्ल आल्बर्ग या रचनाकाराने आखलेली 'ट्रायटन' नावाची सुमारे साडेअठ्ठावीस फूट लांबीची शिडाची नौका लोकांपुढे मांडली, तेव्हा दहा हजार डॉलरांच्या आतल्या तिच्या किमतीइतकेच आणखी एका गोष्टीने मध्यम स्थितीतील अमेरिकन गृहस्थाचे मन ओढून घेतले. ती गोष्ट अशी, की ही नौका काचतंतू आणि राळ यांची घडलेली असून तिला कुजणे ठाऊक नाही. लाकडी नौकेच्या मालकाचा प्रत्येक वसंत ऋतू फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासण्यात, जुना रंग खरवडण्यात आणि कुजलेल्या फळीचा तुकडा बदलण्यात जात असे. त्या जाचातून सुटका करणाऱ्या या नौका १९६७ पर्यंत सातशेहून अधिक संख्येने बांधल्या गेल्या, आणि त्यांच्या काचेच्या बांध्याविषयी दिलेले वचन बहुतांशी खरेही ठरले. साठ वर्षे उलटल्यावरही त्यांतील कित्येक पाण्यावर आहेत. जेम्स बाल्डविन या नाविकाने तर 'अ‍ॅटम' नावाच्या आपल्या ट्रायटनमधून दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. परंतु आज त्या वयाची कोणतीही नौका विकत घ्यायला निघालेला जाणता मनुष्य तिच्या डेकवर पाय ठेवताक्षणी टाच दाबून पाहतो. आणि पुष्कळदा ती टाच, जुन्या घराच्या माडीवरील कुजक्या तक्तपोशीवर खचावी तशी, किंचित खाली जाते. काचेच्या नौकेत कुजले ते काय, आणि ते दुरुस्त कसे करावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

डेक ही नौकेची तक्तपोशीच. पण घराच्या तक्तपोशीवर पडत नाहीत असे बोजे तिच्यावर पडतात. माणसे तिच्यावरून धावतात, लाटा तिच्यावर आदळतात, ट्रायटनसारख्या नौकेत तर डोलकाठीच तिच्यावर उभी असते. आणि हे सारे तिने शक्य तितके हलके राहून सोसायचे असते, कारण उंचावरील प्रत्येक किलो वजन नौकेला कलंडण्यास मदत करते. काचतंतूंचा पत्रा ताण सोसण्यात चिवट असला तरी पातळ असताना सहज लवतो. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की ताठपणा आठपट होतो, हे गणित अनुकूल आहे खरे. परंतु ती सबंध जाडी काच आणि राळ यांनीच भरून काढायची म्हटले तर नौका माथ्याला जड होते आणि खर्चही हाताबाहेर जातो. यावर जी तोड निघाली तिचे तत्त्व लोखंडी गर्डरमध्ये आपण रोज पाहतो. गर्डरच्या वरच्या व खालच्या पट्ट्या ताण आणि दाब सोसतात, आणि मधला उभा पत्रा त्या दोघींना एकमेकींपासून दूर आणि एकमेकींशी बांधलेल्या ठेवतो. डेकमध्ये वर सुमारे तीन मिलिमीटरची आणि खाली त्याहून पातळ अशी काचेची दोन कवचे असतात आणि त्यांच्यामध्ये अर्ध्या ते पाऊण इंचाचा हलका गाभा चिकटवलेला असतो. गाभ्याचे काम मधल्या पत्र्याचे: कवचांना परस्परांवर सरकू द्यायचे नाही. तो जोवर दोन्ही बाजूंना घट्ट धरून आहे तोवर डेक एकसंध असते. तो सुटला किंवा विरघळला, की उरतात ते दोन पातळ, लवचीक पत्रे.

या गाभ्यासाठी त्या काळी बाल्साचे लाकूड निवडले गेले, आणि ती निवड चुकीची होती असे मला वाटत नाही. बाल्सा हे मुख्यतः एक्वादोरमध्ये वाढवले जाणारे झाड. घनमीटरला साधारण १०० ते २५० किलो इतकेच त्याच्या लाकडाचे वजन भरते, म्हणजे सागाच्या तुलनेत ते फारच हलके. आणि वजनाच्या मानाने त्याची ताकद इतकी, की दुसऱ्या महायुद्धातील 'मॉस्किटो' या ब्रिटिश विमानाचे अंग बर्च प्लायवुडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घालून घडवले होते. नौकेच्या गाभ्यासाठी ओंडका आडवा कापून त्याचे लहान चौकोनी ठोकळे करतात आणि ते जाळीदार कापडावर शेजारी शेजारी चिकटवतात, म्हणजे तंतू उभे राहून दाब उत्तम सोसतात आणि फरशीसारखा तो पट डेकच्या वळणावर सहज बसतो. स्पॅनिश भाषेत 'बाल्सा' या शब्दाचा अर्थच तराफा असा आहे. थोर हायरडाल यांनी १९४७ साली पेरूहून निघून १०१ दिवसांत ज्या 'कोन-टिकी' तराफ्यावरून पॉलिनेशिया गाठले तो नऊ बाल्सा ओंडक्यांचाच होता. ते ओंडके मुद्दाम ओले, रसाने भरलेले असतानाच वापरले होते आणि त्या रसामुळे समुद्राचे पाणी त्यांत खोल शिरू शकले नाही. नौकेच्या डेकमधला बाल्सा मात्र भट्टीत वाळवलेला असतो, आणि वाळलेल्या बाल्साची पाण्याची तहान मोठी असते.

आता पाणी शिरते कोठून? काचेतून शिरत नाही. ते शिरते माणसाने पाडलेल्या भोकांतून. कठड्याचे खांब, दोर बांधण्याच्या खुंट्या, विंच, झाकणांच्या बिजागऱ्या, डोलकाठीचे ताणदोर ज्यांना अडकवतात त्या पोलादी पट्ट्या, हातात धरायच्या दांड्या, अशा प्रत्येक वस्तूसाठी डेकमधून आरपार भोके पाडून बोल्ट घातलेले असतात. आणि ट्रायटनच्या पिढीतील बहुसंख्य नौकांत ही भोके थेट बाल्सामधून गेलेली, त्यांच्या कडा उघड्या, आणि पाण्याला अटकाव म्हणून वस्तूच्या बुडाखाली लावलेला लुकणाचा एक पातळ थर, एवढाच बंदोबस्त. दहा-पंधरा वर्षांत तो थर वाळून त्याला भेगा पडतात. त्यातही कठड्याचा खांब सर्वांत घातक, कारण तो दोन फूट लांबीची तरफच आहे: धक्क्यावरून नौकेत येणारा प्रत्येक मनुष्य त्याला धरून स्वतःला वर ओढतो आणि प्रत्येक ओढीबरोबर त्याचे बूड केसभर उचलले जाते. त्या केसभर फटीतून पावसाचे पाणी आत उतरते, ठोकळ्यांच्या मधल्या ज्या चिरा बांधकामाच्या वेळी राळेने नीट भरल्या गेल्या नाहीत त्यांतून पाटाच्या पाण्यासारखे इकडून तिकडे वाहते, आणि गळती जिथे आहे तिथून हातभर दूर असलेला गाभाही भिजवते. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात हेच पाणी गोठून फुगते आणि गाभ्याला कवचापासून अलग करते.

समुद्रात फिरणाऱ्या नौकेला खाऱ्या पाण्याने कुजवले अशी सहज समजूत होते, पण खरा गुन्हेगार गोडे पाणी आहे. लाकूड कुजवते ती बुरशी. आणि तिला लाकडात साधारण २० टक्क्यांहून अधिक ओल, थोडी ऊब आणि हवा, एवढे मिळाले की ती तंतूंतील सेल्युलोज खाऊ लागते. मीठ तिला मानवत नाही. आपल्या कोकणात पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारतात; त्यात वादळाची भीती आहेच, पण चार महिने आकाशातून पडणाऱ्या गोड्या पाण्यापासून लाकूड राखणे हाही त्यातला लाभ आहे. बुरशी किती नाश करू शकते याचा दाखला ब्रिटिश आरमाराच्या दप्तरात सापडतो. १८१० साली जलावतरण झालेली 'क्वीन शार्लट' ही मोठी युद्धनौका कामगिरीवर जाण्यापूर्वीच इतकी कुजली, की तिच्यावरील बुरशींची पाहणी करण्यासाठी जेम्स सोवर्बी या निसर्गशास्त्रज्ञाला पाचारण करावे लागले. आणि उलट, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागात बांधून १८१७ साली पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडातील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाच्या अंगात बुरशीला दूर ठेवणारे तेल असते. बाल्साच्या अंगात तसे काही नाही. त्याचे रक्षण काचेच्या कवचाने करायचे, आणि कवचाला आपण भोके पाडून ठेवलेली.

कुंभाराकडून मडके घेताना आपण त्यावर बोटाचे पेर मारून पाहतो. खणखणीत वाजले तर घ्यायचे, बद्द वाजले तर परत ठेवायचे. डेकची परीक्षा नेमकी अशीच होते. प्लॅस्टिकचा हलका हातोडा, किंवा स्क्रूड्रायव्हरची मूठसुद्धा, हातात घेऊन वीतभर अंतराअंतराने डेक ठोकत जायचे: गाभा जिथे निरोगी आहे तिथे आवाज टणक आणि मोकळा येतो, जिथे कवच सुटले आहे तिथे पोकळ आणि चिरका येतो, आणि जिथे आत चिखल झाला आहे तिथे तो मेल्यासारखा बद्द येतो. खडूने या तिन्ही प्रदेशांच्या सीमा डेकवर आखून घेतल्या, की नकाशाच तयार होतो, आणि त्या नकाशातील जवळजवळ प्रत्येक डागाच्या आत कठड्याचा एखादा खांब किंवा खुंटी उभी असलेली दिसते. ओल मोजण्याचे यंत्र उपयोगी आहे, परंतु आदल्या दिवशीचा पाऊस किंवा डेकखालचा धातू त्याला सहज फसवतो; म्हणून त्याच्या आकड्यांवर फैसला न करता शेवटी केबिनच्या आतून, फक्त खालच्या कवचातून आणि गाभ्यातून जाईल इतकेच खोल एक बारीक भोक पाडावे. ड्रिलबरोबर फिकट, कोरडा कीस बाहेर आला तर जीव भांड्यात पडतो. काळपट, आंबूस वासाचा लगदा आला, किंवा चहासारखे तपकिरी पाणीच ठिबकू लागले, तर पुढील काही आठवड्यांचा बेत ठरून गेला असे समजावे.

या टप्प्यावर अनेकांना एक आडवाट सुचवली जाते: वरून पुष्कळ भोके पाडा, पाणी निथळू द्या आणि पिचकारीने पातळ एपॉक्सी राळ आत सोडा. गाभा शाबूत आणि कोरडा असून केवळ कवचापासून सुटला असेल तर ही वाट रास्त आहे. कुजलेल्या आणि भिजलेल्या गाभ्याबाबत मात्र ती साफ निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. दोन कवचांमध्ये कोंडलेला ओला बाल्सा अशा बारीक भोकांतून वाळत नाही, आणि ओल्या लाकडाला एपॉक्सी धरत नाही; ती फक्त मोकळ्या जागांत साचून ओल आतच बंद करते, आणि दोन वर्षांनी जो मनुष्य खरी दुरुस्ती करायला बसतो त्याला कुजका गाभा आणि त्यात रुतलेली टणक ढेकळे असे दोन्ही खरवडून काढावे लागते.

खरी दुरुस्ती म्हणजे कवच उघडणे. ते आतून उघडावे की वरून, हा पहिला प्रश्न. आतून केले तर डेकचा मूळ पृष्ठभाग अभंग राहतो, परंतु डोक्यावर हात धरून काम करावे लागते, राळ अंगावर ठिबकते आणि नवा गाभा चिकटेपर्यंत टेकू देऊन वर दाबून धरावा लागतो. म्हणून फार लहान डाग सोडता बहुतेक कारागीर वरूनच उघडतात, आणि तेच बरे. कापण्यापूर्वी केबिनमधून डेकला जागोजाग टेकू द्यावेत, कारण वरचे कवच गेल्यावर मागे राहणारा पातळ पत्रा स्वतःचा बाक टिकवू शकत नाही, आणि ज्या आकारात तो त्या वेळी असेल त्याच आकारात नवी डेक कायमची गोठते. करवतीचे पाते फक्त वरच्या कवचाइतकेच खोल ठेवावे. केबिनच्या भिंतीपासून आणि नौकेच्या काठापासून दोन इंचांची पट्टी राखावी, म्हणजे पुढे सांधा घडवायला जागा राहते. कोपरे गोलाकार घ्यावेत. मग पातळ पहार आत सरकवून कवच उचलायचे. जिथे गाभा कुजला आहे तिथे ते विनासायास वर येते. जिथे त्याने सोडायला नकार दिला तिथे निरोगी लाकडाची हद्द लागली. काढलेले कवच टाकू नये, तेच परत बसवायचे असते.

आत जे दिसते त्याने मन खचण्याचा संभव असतो. काळा चिखल हाताने ओंजळी भरभरून निघतो. त्यापुढचे, रंग बदललेले पण अजून आकार धरून असलेले ठोकळे पटाशीने काढावे लागतात. आणि पांढरे स्वच्छ लाकूड लागल्यावरही आणखी दोन-तीन इंच पुढे जावे, कारण बुरशीचे सूक्ष्म तंतू डोळ्यांना दिसणाऱ्या काळिम्याच्या पुढे गेलेले असतात. कवच हवे त्याहून मोठे कापावे लागले याचे कोणी वाईट वाटून घेऊ नये. हा सर्व उद्योग फसतो तो बहुधा याच ठिकाणी, की मालक कंटाळून हद्दीच्या अलीकडे थांबतो.

यानंतर येतो तो टप्पा म्हणजे वाळवणे. वर ताडपत्रीचा मांडव, आत पंखा, थंड प्रदेशात एखादी शेगडी, आणि दिवस जाऊ देणे, याशिवाय त्याला उपाय नाही. अ‍ॅसिटोन पुसल्याने लाकूड वाळते असा एक समज आहे; ते पृष्ठभागावरील मेण व तेलकटपणा नेते, लाकडाच्या अंगातील पाणी नेत नाही. वाळले की नाही हे पाहण्याची एक साधी रीत आहे: राखलेल्या गाभ्याच्या उघड्या कडेवर संध्याकाळी प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवावा, आणि उन्हे अंगावर आल्यानंतर तो पाहावा. आतल्या बाजूला दव जमलेले दिसले तर आणखी थांबावे.

कोरड्या झालेल्या खालच्या कवचावर ग्राइंडर फिरवून जुन्या राळेची चमक घालवावी. काचेची ही धूळ त्वचेला चावते आणि फुप्फुसात गेलेली परत येत नाही. गाळणी लावलेला मुखवटा, हातमोजे आणि अंगभर कपडे यांत कसूर करू नये, आणि एपॉक्सी तर उघड्या हाताला वारंवार लागल्याने कित्येकांना तिचा वास घेणेही जन्मभर अशक्य होऊन बसते. मूळ नौका पॉलिएस्टर राळेची असली तरी दुरुस्ती एपॉक्सीने करावी, कारण घट्ट झालेल्या जुन्या थरावर नवे पॉलिएस्टर एपॉक्सीइतके दृढ चिकटत नाही. एपॉक्सी आणि हार्डनर यांचे प्रमाण उत्पादकाने दिले असेल ते काटेकोर मोजावे. लवकर घट्ट व्हावी म्हणून हार्डनर जास्त घालणे ही चूक आहे, त्याने मिश्रण कच्चे राहते. भांड्यात साठवलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापत जाऊन धूर ओकू लागते, तेच पसरट थाळ्यात ओतले तर निवांत राहते. आणखी एक गोष्ट अनुभवी कारागीर सांगतात, ती ध्यानात धरण्याजोगी आहे: राळेचा हात सकाळच्या चढत्या उन्हात न देता दुपारनंतर, तापमान उतरू लागल्यावर द्यावा. चढत्या उन्हात लाकडातील हवा फुगून राळेतून बुडबुडे काढते. उतरत्या उन्हात तीच हवा आकसून राळ आत ओढून घेते.

नवा गाभा बाल्साचा घ्यावा, पीव्हीसी फोमचा घ्यावा की प्लायवुडचा, यावर वाद पुष्कळ आहेत. फोम कुजत नाही. प्लायवुड जड असते आणि पाणी शिरले तर ते त्याच्या थरांतून लांबवर पसरते. बाल्सा स्वस्त, ताठ आणि शेजारच्या जुन्या गाभ्याशी जाडीने जुळणारा. बाल्सा पुन्हा घालायला मी कचरणार नाही. लाकडाचा गाभा आणि काच-एपॉक्सीचे कवच या जोडीवर अविश्वास असणाऱ्याने गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली नौदलाची 'म्हादेई' आठवावी. काच आणि एपॉक्सीने मढवलेल्या सीडर लाकडाच्या त्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली.

गाभ्याचे तुकडे आधी कोरडेच बसवून, क्रमांक घालून ठेवावेत. मग दोन्ही पृष्ठभागांना पातळ एपॉक्सी पाजावी. बाल्साचे उभे तंतू ती भराभर पितात, म्हणून पुन्हा एक हात द्यावा. त्यावर सिलिकेची पूड घालून श्रीखंडाइतकी दाट केलेली एपॉक्सी दातेरी पात्याने पसरावी, गाभा दाबून बसवावा, प्लॅस्टिक अंथरून वाळूच्या पिशव्या ठेवाव्यात, आणि ठोकळ्यांच्या प्रत्येक चिरेतून राळ वर डोकावते की नाही ते पाहावे. जिथे ती डोकावत नाही तिथे पोकळी आहे, आणि पोकळी हीच उद्याची पाण्याची वाट. जुने कवच परत बसवतानाही हीच रीत. मग सांध्याच्या दोन्ही बाजूंनी कवच तिरके घासून काढायचे, साधारण एकास बारा या उताराने, म्हणजे तीन मिलिमीटरच्या कवचाला प्रत्येक बाजूस ३६ मिलिमीटर. आणि त्या उथळ दरीत काचकापडाच्या पट्ट्या राळेत भिजवून एकावर एक भरायच्या. राळ घट्ट झाल्यावर तिच्यावर जो मेणचट थर येतो तो घासण्यापूर्वी साध्या पाण्याने धुऊन काढावा. लुकण, घासकाम, रंग आणि पाय न घसरण्यासाठी त्यात मिसळलेली भरड यांचे वर्णन लांबवण्याचे कारण नाही; ती कामे दिसतात आणि म्हणून लोक ती नीट करतात.

नीट होत नाही ते शेवटचे काम, आणि सबंध दुरुस्तीचे सार्थक त्याच्यावर अवलंबून असते: वस्तू परत बसवण्यासाठी पाडायची भोके. बोल्ट जेवढा जाड त्याच्या दुपटी-तिपटीने मोठे भोक वरच्या कवचातून आणि गाभ्यातून पाडावे, खालचे कवच शाबूत ठेवावे, ते भोक दाट एपॉक्सीने काठोकाठ भरावे, आणि ती पूर्ण घट्ट झाल्यावर तिच्या मधोमध बोल्टाचे खरे भोक पाडावे. आता बोल्टाच्या भोवती लाकूड उरत नाही, घन एपॉक्सीची भिंत असते. वरचे लुकण उद्या निकामी झाले तरी पाणी बोल्टावरून सरळ केबिनमध्ये ठिबकते, मालकाच्या नजरेस पडते, आणि गाभ्याला शिवत नाही. ही एपॉक्सी बोल्टाचा दाबही पेलते, म्हणून नट आवळताना डेक चेपत नाही. खांबाच्या बुडाखाली, डेकच्या आतल्या अंगाला, भार वाटून घेणारी अ‍ॅल्युमिनियमची रुंद पट्टी द्यावी. एका भोकाला राळ लागते चहाच्या कपाच्याही आत आणि वेळ जातो एका संध्याकाळचा.

जुन्या काचेच्या नौकेचा जो कोणी मालक हे वाचत असेल त्याने हिवाळ्यासाठी नौका किनाऱ्यावर घेण्यापूर्वी कठड्याचा एकेक खांब हाताने हलवून पाहावा. जो हलेल तो त्याच आठवड्यात काढावा, भोकात बोट घालून गाभा चाचपावा, आणि तो अजून कोरडा असेल तर त्याच वेळी एपॉक्सीची भिंत घालून मगच खांब परत उभा करावा.